नखाचा रंग

केदारनाथला जायला पंधरा दिवस उरले होते. सरावासाठी नंदा बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या आपल्या बिल्डिंगचे सात मजले जिन्याने चढायची. आज ती दारात पोचताच नवऱ्याने कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. चौऱ्याऐंशी! त्याने तिला खुर्चीत बसवलं. “अहो, नेलपॉलिशमुळे कमी दाखवतंय,” ती धापा टाकत हसली. “टूरवाल्याने ग्रुपवर लिहिलंय ना!” भाचीच्या साखरपुड्याला लावलेला रंग तिने घासून पुसला, पाच मिनिटं बसून पुन्हा बोट घातलं. त्र्याऐंशी. “मशीनच बिघडलंय हो.” नवऱ्याने स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं. अठ्ठ्याण्णव. त्याने आकडा मुठीत झाकला, पण तिने वाचला होता. “डॉक्टरकडे जाऊया,” तो कसाबसा म्हणाला. “जाऊ.” नेलपॉलिशची बाटली उघडून ती त्याच नखाला रंग लावू लागली. “आता कशाला गं?” “रंग होता तेव्हा कारण तरी होतं.”