तिसरी शिशी

"पदार्थ समोर नको. नुसतं रसायन हुंगवा, मी पदार्थ सांगतो. चुकलो तर मिशा काढून देईन," घाटे साहेब म्हणाले.

सत्तावन्न साल होतं. साहेब जंगलातला मध तपासायला नागपूरहून आलापल्लीला आले होते. ज्याचं नाक पक्कं, त्यालाच मोहोळं उतरवायचं लायसन, हा नियम त्यांनी स्वतःच काढला होता. डाकबंगल्याच्या पडवीत टेबलावर तीन शिश्या होत्या आणि केळ्यांची फणी.

समोर जंगू उभा होता. खांद्यावर घोंगडं. लायसन त्याच्या भावाच्या, लच्छूच्या नावचं होतं. लच्छू मागच्या उन्हाळ्यात गेला. आता नवं मिळालं नाही तर जंगूला घर सोडून सागाच्या कटाईवर जावं लागणार होतं.

"केळं घे."

"नाई साहेब. लच्छू गेला तवापासून खात नाई."

"वर्ष झालं, अजून सुतक?"



साहेबांनी पहिलं बूच काढलं.

"लसूण," जंगू म्हणाला.

"अ‍ॅलिल सल्फाइड. बरोबर."

"ही लवंग. दाढ दुखली का लावतो."

"युजेनॉल. बरोबर."

"एकच राह्यली, जंगूभाऊ," जीपचा ड्रायव्हर कय्यूम पायरीवरून म्हणाला.

तिसरी शिशी नाकाशी येताच जंगू दोन पावलं मागं सरला.

"मोहोळ."

"नीट हुंग."

"मोहोळच साहेब. बूच लावा."

साहेबांना हसू आवरेना. हसता हसता अर्धी शिशी शर्टावर सांडली. "अमाईल अ‍ॅसिटेट. पिकलेलं केळं. फणी समोर ठेवली तरी ओळखेना. कय्यूम, तू सांग."

कय्यूमनं वास घेतला. खाली बघत म्हणाला, "केळंच हाय."

कागदावर नापास लिहिलं गेलं. जंगूनं अंगठा लावला.

"शर्ट बदलून जा, साहेब."

"आता तू मला शिकव."

जीप सावरीच्या झाडाखाली उभी होती. वर आग्या माश्यांची अकरा मोहोळं. खालून रोज माणसं जात-येत, माश्या कोणाला काही करत नसत. साहेब जीपपाशी पोचले आणि वरून एकदम काळोख उतरला. जंगूनं धावत जाऊन घोंगडं टाकलं, साहेबांना आत दाबून धरलं.

बऱ्याच वेळानं साहेबांना बोलता आलं. "माझ्यावरच का?"

"एकीनं डसलं का तिथं हा वास सुटते. मंग बाकीच्या वासावर येतात." जंगू बोटानं स्वतःच्या हातातले काटे खरवडत होता. "लच्छूले झाडाखालून उचललं तवा त्याच्या अंगाले असाच येत होता. पिकल्या केळ्याचा."

साहेबांनी खुणेनं कागद मागितला. बोटं सुजून पेन धरता येईना. कय्यूमनं पास लिहिलं आणि साहेबांचा अंगठा घेतला.

अहेरीच्या दवाखान्यात ओठावरचे काटे दिसेनात, म्हणून डॉक्टरनं आधी साहेबांच्या मिशा काढल्या.