बीपीची गोळी
आचलनं चहाचा ट्रे टीपॉयच्या बाजूला, चक्क हवेत ठेवला. कपबश्या फुटल्या आणि चहा नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या, मधुकररावांच्या, पांढऱ्या पँटवर गेला. मुलगी पाहायला आर्वीहून आलेली सगळी मंडळी ताडकन उठली.

"आंधळी झाली का?" प्रभाकरराव पोरीवर खेकसले.

"हो बाबा," आचल म्हणाली. "मले काहीच दिसून नाई राह्यलं."

तिचे डोळे टक्क उघडे होते आणि नजर भिंतीवर. डोकं ठणकतंय असं ती सकाळपासून सांगत होती, पण ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. आत्तासुद्धा प्रभाकररावांना आधी पाहुण्यांची लाज वाटली आणि मग पोरीची काळजी. हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते मनातून चरकले.

कारंज्यात त्यांचं कापडाचं दुकान. चार लोकांत वजन. दोन वर्षांपूर्वी नागपूरला आचलची किडनी बदलली, हे त्यांनी पाहुण्यांच्या कानावर घातलंच नव्हतं. आधी पसंती होऊ द्या, पुढचं पुढे बघू, असा त्यांचा दुकानदारी विचार. पण बीपीच्या गोळीनं आचलचे पाय सुजायचे. मुलगी पाहायला आलेल्या बायका तिला चालायला लावतात, पाय निरखतात. तेव्हा प्रभाकररावांनी घरच्या घरी डॉक्टरकी केली. किडनी टिकवायचं औषध चालू ठेवायचं, बीपीची गोळी मात्र पाहुणे येऊन जाईपर्यंत बंद. "अर्धं गाव खाते ते गोळी," ते म्हणाले होते. "आठ-पंधरा दिवसानं काई होत नाई." आचलनं मुकाट्यानं मान डोलावली. सूज खरोखरच उतरली आणि हे बहाद्दर स्वतःवरच खूश झाले.

नागपूरच्या वाटेवर जीपमध्येच तिला झटके आले.

डॉक्टरांनी आधी बीपी उतरवलं, मग मेंदूचा फोटो काढला. "किडनी टिकवायचं औषध एखाद्याच्या मेंदूला बाधतं," ते म्हणाले. "त्यात बीपी चढलं की मेंदूवर सूज येते, नजर जाते. औषध बदलतोय. नजर बहुतेक परत येईल. पण बीपीची गोळी बंद कुणी केली?"

प्रभाकररावांनी तोंड उघडलं.

"मीच," आचल खाटेवरून म्हणाली. "विसरली मी."

डॉक्टर तिलाच रागावून निघून गेले. प्रभाकरराव खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. भर दुकानात कुणी थोबाडीत मारली असती तरी त्यांना इतकी लाज वाटली नसती.

तिची आई, रुख्मिणीबाई, लेकीचं कपाळ चेपत होत्या.

"आई, बाबा गेले का बाहेर?"

रुख्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी हातानंच 'गेलो म्हणून सांग' अशी खूण केली.

"गेले," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "पण तुले तरी त्याईले नाई म्हणता नाई आलं? काऊन ऐकलं त्याईचं?"

"त्याईची किडनी पोटात घेऊन जगून राह्यली मी, आई. त्याईले नाई कोणत्या तोंडानं म्हणू?"