बारावी खुर्ची

पवित्र गुरुवारी फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. आमच्या डोंगरगावात अकराच खुर्च्या मांडतात. येशूला धरून देणारा यहूदा व्हायला कोणी बसत नाही. यंदा कासिमिरा घरून बारावी खुर्ची घेऊन आली. तिच्या पोरानं सैनिकांना गावातल्यांची नावं सांगितली होती. त्यांनी नेलेले आमचे सात जण परतलेच नाहीत. गेल्या महिन्यात तिचा पोरगा तिकडं लिमा शहरात मेला. खुर्चीवर तिनं त्याच्या टायरच्या चपला ठेवल्या, चिखलासकट. "धुवा, फादर." फादर घुटमळले. "मावशी, आपली रीत अकराची." "येशूनं यहूदाला वगळलं होतं का?" "तुझ्या पोरानं माझा भाऊ विकला!" मागून सातुर्निना किंचाळली. कासिमिरा वळली. "विकला. मी कुठं नाही म्हणतेय?" तिनं फादरांच्या हातातला तांब्या घेऊन स्वतःच गुडघे टेकले. "स्वच्छ असत्या तर इथं कशाला आणल्या असत्या?"