बत्तिसावा पाणवठा

मोहर्लीच्या कचेरीत आफ्रीन वाघांच्या पाऊलखुणांची मापं संगणकात भरायची. एका पाणवठ्याला एक तक्ता, असे एकतीस तक्ते तिने केले होते. पण डेटाबेस आपल्याच तक्त्यांची जी यादी आपणहून ठेवतो, त्या सिस्टीम कॅटलॉगमध्ये बत्तीस दिसत होते.

"बत्तिसावा पाणवठा जंगलात नाईच, बाई," म्हातारे वनमजूर बापूजी म्हणाले.

तिने तक्ता उडवला. यादी उघडली, तर तो हजर. मे महिन्याची दुपार कलेपर्यंत तिने तो सात वेळा उडवला.

"मी बी हटत नाई," आठव्यांदा बटणावर बोट ठेवत ती म्हणाली. "यादीत नाव आलं म्हणून का पाणवठा होते?"

"बाई," दारावरची नजर न काढता बापूजी हळूच म्हणाले, "तुमच्या खुर्चीखाली पाणी येऊन राह्यलं. अन् ते प्यायला वाघ दारात आला. हलू नका."