एक स्टूल

अकोल्याच्या एका डाळमिलमध्ये पंचफुला अकरा वर्षांपासून चालत्या पट्ट्यासमोर उभी राहून तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. गुडघ्यांची पार वाट लागली होती. "सायेब, टोंगळे लय दुखून राह्यले, एक स्टूल द्या न मले," असं सांगून सांगून तिचं तोंड दुखलं, पण मॅनेजर नितेशसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "बसलं का माणूस पेंगते, बाई."

मग साहेब अमरावतीला दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आले. कौतुक केलं की कामगार दुप्पट जोमानं राबतो, असं तिथं शिकवलं म्हणे. लगेच मिलच्या आवारात मंडप उभा राहिला आणि पहिल्याच सत्काराला पंचफुलाचं नाव निघालं.

स्टेजवरच्या खुर्चीत टेकल्यावर मिलमध्ये पहिल्यांदाच तिच्या गुडघ्यांना बरं वाटलं. तिनं मनाशी पक्कं केलं, माइक हातात आला की सांगायचं: शाल-नारळ तुमच्यापाशीच ठेवा, अन् हे खुर्ची तेवढी आत नेऊ द्या.

तेवढ्यात साहेब माइकवरून गरजले, "अकरा वर्षं झाले, ह्या बाई ड्युटीवर एकदाही बसल्या नाहीत! सगळ्यायनं बाईंचा आदर्श घ्या!"