पडायची विद्या

हाडं शाबूत राहावीत म्हणून फुटबॉलच्या मास्तरांनी पोरींना आधी पडायला शिकवलं, मग गोल मारायला. हनुवटी छातीशी, हात पोटाशी, खांद्यावरून लोळायचं. पोरी अशा तयार झाल्या की पडताना गवतालासुद्धा दुखत नसे. अंतिम सामन्यात कपाटाएवढ्या प्रतिस्पर्धी मुलीने हमखास गोल करणाऱ्या टिंगीला उडवलं. चार कोलांट्या खाऊन टिंगी हसत उभी! पंच कडाडला, "नाटक करतेस? दुसरं पिवळं कार्ड, चल बाहेर!" टिंगी गेली तर सामनाच गेला. मास्तर मैदानात घुसले. "अहो पंचसाहेब, नाटक नाही, विद्या आहे ती! थांबा, मीच पडून दाखवतो." मास्तर धावले, उडाले आणि भरल्या पोत्यासारखे धप्पकन आदळले. "आई गं! पाय गेला!" पंचाने हळहळत स्ट्रेचर मागवलं, मग कार्ड उंचावून टिंगीला सुनावलं, "पोरी, पडणं याला म्हणतात! शीक जरा यांच्याकडून!"