शेवटचे सहा पौंड

"ऊठ गं म्हाळसा. आजपासून दळण मी करणार," मुक्ताबाई म्हणाल्या आणि पदर खोचून जात्यापाशी बसल्या.

म्हाळसा खुंटा सोडेना. लिंगाळीत गिरणी आल्यापासून बाकीच्या घरांचं दळण तिच्या हातून गेलं होतं. आनंदराव पाटलांना गिरणीचं पीठ चालत नसे, म्हणून हे एक घर उरलं होतं. दळणामागं शेरभर पीठ मिळे. त्यावर ती आणि तिची दोन पोरं जगत.

"माझं काय चुकलं का, पाटलीणबाई?"

"तुझं कशाला चुकंल? साखरेचं दुखणं हाय माझं, वजन उतरवल्याबिगर भागायचं न्हाई. दोन भाकरीची एक केली, भात सोडला, तवा कुठं काटा हलला. आता सहा पौंड ऱ्हायलेत, ते काही केल्या जाईनात. डाक्टरीणबाई म्हणाल्या, नुसतं खाणं तोडू नका, घाम गाळा."

माजघरातून आनंदराव म्हणाले, "आन् तिनं दळायचं न्हाई, तर पीठ कशाचं द्यायचं?"

मुक्ताबाईंनी खुंटा आपल्याकडं ओढला. त्यांनी जात्यात मूठभर ज्वारी टाकली.

तरी म्हाळसा रोज येऊन ओसरीवर बसे. जात्याची घरघर थांबली की पाण्याचा तांब्या पुढं करी आणि विचारी, "उतरलं का हो वजन?" सहा पौंड गेले की जातं आपल्याला परत मिळेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. घरी चूल एक दिवसाआड पेटत होती.

महिन्यानं मुक्ताबाई दौंडच्या दवाखान्यात निघाल्या, तेव्हा म्हाळसा आपण होऊन गाडीत बसली. मार्था डॉक्टरीणबाईंनी मुक्ताबाईंना काट्यावर उभं केलं. म्हाळसा दाराशी हात जोडून उभी राहिली.

"उतरलं की! सहा पौंडांच्या वर उतरलं," डॉक्टरीणबाई हसल्या.

"देव पावला," मुक्ताबाईंच्या आधी म्हाळसाच म्हणाली.

"पण आता जातं सोडायचं नाही हं. सोडलंत की वजन पुन्हा चढेल. जन्मभराचं औषध समजा."

बाहेर गाडीवान भिमा गाडी जुंपून उभा होता. म्हाळसा गाडीत चढली नाही.

"बस की गं," मुक्ताबाई म्हणाल्या.

"तुम्ही व्हा म्होरं. मी येते मागनं, पायी."

रुळांपलीकडं इंजिनांच्या राखेचा ढीग होता. बायका पाट्या घेऊन त्यातला अर्धवट जळका कोळसा विकायला वेचत होत्या. म्हाळसा तिकडं चालू लागली.

गाडी हलली. मुक्ताबाई तिच्या पाठमोऱ्या अंगाकडं कौतुकानं बघत राहिल्या.

"बघ भिमा," त्या म्हणाल्या, "चालायची केवढी हौस हिला! म्हणून तर अंगावर मांस धरत न्हाई."